साहेबांच्या सहीचा पुरावा

१२ फेब्रुवारी. पहाटे धुके, दहानंतर कडक ऊन. रत्नप्रभा कासार आपली तीनचाकी घेऊन नगरपरिषदेच्या सहा पायऱ्यांपाशी थांबल्या होत्या. दाराशी रॅम्प बांधून मिळावा म्हणून हा त्यांचा तिसरा अर्ज. आधीचे दोन 'गरज सिद्ध होत नाही' असा शेरा घेऊन परत आले होते.

मुख्याधिकारी वर दारात आले. "बाई, अर्जदाराने माझ्या टेबलासमोर हजर व्हायचं असतं. दोन शिपाई पाठवतो, उचलून आणतील."

"मी काय सिमेंटचं पोतं आहे, साहेब? मी कुणाला उचलू देणार नाही."

"मग अर्ज फेटाळला."

"खुशाल फेटाळा. पण कारण लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी."

साहेबांनी तावातावाने शेरा मारला, 'पायऱ्यांमुळे अर्जदार कार्यालयात हजर होऊ शकल्या नाहीत. सबब नामंजूर.' शिपायाने कागद खाली आणून दिला.

रत्नप्रभाबाईंनी तो दोनदा वाचला. मग पिशवीतून चौथा अर्ज काढून त्याला तो टाचला आणि वर पाहून म्हणाल्या, "गरजेचा पुरावा मागत होतात ना? तुमच्याच सहीचा जोडलाय. हाही फेटाळायचा असेल, तर तुमचा शेरा खोटा होता असं लिहून द्या. नाहीतर हे घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. त्यांच्या कचेरीला रॅम्प आहे."

साहेब सहा पायऱ्या उतरून खाली आले आणि त्यांनी अर्ज हातात घेतला.

२७ मार्चला रॅम्प पूर्ण झाला. लांबी छत्तीस फूट, दोन्ही बाजूंना कठडा.