गटकूच्या पोटातले चोर

एक होती जाई. जाईला होतं कोपर. कोपरात राहायचा गटकू.

गटकू इवलासा. डोळ्यांना दिसणारही नाही, इतका! जंतू आला की गटकू करायचा गट्टम! पोट हेच त्याचं घर. घर घेऊनच तो फिरायचा. लुटुलुटु, लुटुलुटु.

तिथली एक रीत होती. घरात जे असेल, त्याची चिंधी दारावर टांगायची. लपवाछपवी नाही.

एकदा जाईच्या कोपराला माशी चावली. चावताना तिने एक चोर आत सोडला. गटकूने त्याला केलं गट्टम! पण चोर काही विरघळेना. पोटातच लपला. एकाचे झाले चार. गटकूने घास घेतला, तो चोरांनी खाल्ला. मचमच, मचमच! गटकू उपाशी. पोट मात्र टम्म! आता फुटतं की काय?

गटकूला लाज वाटली. "माझ्या घरात चोर? लोक काय म्हणतील?" त्याने दारावर काहीच टांगलं नाही. गुपचूप निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु.

वाटेत भेटली चिकटताई.

"ताई, ताई, पोटात चोर. खातात माझा घास. तू धर ना!"

ताई म्हणाली, "चोर बाहेर असते तर मी चिकटलेच असते रे. पण आत मी शिरत नाही."

गटकूने पोटात डोकावलं. तिथे होती भट्टी. गार गार.

"भट्टी, भट्टी, पोटात चोर. खातात माझा घास. ताई म्हणते, आत शिरत नाही. तू पेट ना!"

भट्टी म्हणाली, "उगाच पेटले तर घरच जाळीन. मामाच्या हाकेशिवाय पेटत नाही."

मामा कुठे? जाईच्या काखेत! तिथे होती चावडी, मामा तिथला राखणदार. गटकू गेला. लुटुलुटु, लुटुलुटु.

"मामा, मामा, पोटात चोर. खातात माझा घास. ताई म्हणते, आत शिरत नाही. भट्टी म्हणते, हाकेशिवाय पेटत नाही. तू हाक मार ना!"

मामा म्हणाला, "भलत्यालाच चोर म्हटलं तर? मावशी चिंधी आणते, ती मी बघतो. चिंधीशिवाय हाकारत नाही."

मावशी कुठे? कोपरातच! तिला हातच हात. गटकू परत आला. दमला बिचारा. लुटु... लुटु...

"मावशी, मावशी, पोटात चोर. खातात माझा घास. ताई म्हणते, आत शिरत नाही. भट्टी म्हणते, हाकेशिवाय पेटत नाही. मामा म्हणतो, चिंधीशिवाय हाकारत नाही. तू चिंधी ने ना!"

मावशी म्हणाली, "नेते की! पण दारावर असेल तीच नेते. तुझ्या दारावर काय आहे, बाळा?"

गटकूने दाराकडे पाहिलं. दारावर काहीच नव्हतं.

गटकूला रडू आलं. "मावशी, मला लाज वाटते."

मावशीने त्याला जवळ घेतलं. "चोरी त्यांनी केली. लाज तुला कशाला?"

गटकूने डोळे पुसले. मग त्याने पोटात हात घातला. चोराच्या टोपीची चिंधी फाडली. टर्रर्र! आणि टांगली दारावर. सगळ्यांना दिसेल अशी.

मग काय!

मावशीने चिंधी उचलली. मावशी धावली काखेत. जाईला गुदगुल्या झाल्या. खुदुखुदु, खुदुखुदु!

मामाने चिंधी पाहिली. वरून पाहिली, खालून पाहिली. मामाने हाक मारली, "होऽऽऽ! चोर आहेत होऽऽऽ!"

हाक ऐकली भट्टीने. भट्टी पेटली. भक्‌! तीन चोर विरघळले. चुर्र, चुर्र, चुर्र! चौथा पळाला बाहेर. बाहेर कोण? चिकटताई! चट्‌कन चिकटली. चौथाही संपला.

मामाने चिंधी खिशात जपून ठेवली. "पुन्हा येऊ देत. लगेच ओळखीन!"

भट्टी विझली. गटकूचं पोट हलकं झालं. त्याने घास घेतला. तो घास त्याचा त्यालाच मिळाला. मम्‌ मम्‌!

आणि लोक काय म्हणाले, माहितेय?

सगळे म्हणाले, "गटकू, जेवलास का रे?"

घास गटकूच्या पोटात, गोष्ट आपल्या ओठात.