नाव न घातलेला हंडा

फार मागे, नदीकाठच्या एका नगरात तांब्याचा एक व्यापारी राहायचा. नरहरशेट त्याचं नाव. पैसाअडका भरपूर, पण पोटी मूलबाळ नाही.

मरण्याआधी त्यानं वखारीतल्या सगळ्या तांब्याचे हंडे, पातेली, पराती घडवून घेतल्या आणि बायकोला सांगितलं, "ही भांडी नगराची. लग्न असो, बारसं असो, ज्याला लागतील त्यानं न्यावीत. दुकानाच्या भाड्यातून कल्हई करून घेत जा. आणि हो, भांड्यांवर माझं नाव घालू नकोस. दुसऱ्याचं नाव घातलेलं भांडं मागायला माणूस लाजतो."

बायको म्हणजे गोजराकाकू. त्यांनी शब्द पाळला. हंडा कुठल्या आळीला चाललाय यावरून कुणाकडे काय शिजणार, ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि त्यात त्यांना भारी मौज वाटायची.

एकच सल होता. आपण गेल्यावर ह्यांचं नाव कोण घेणार? मूल नाही, भांड्यावर अक्षर नाही. आणि स्वतः काकूंनी, त्या काळच्या रीतीप्रमाणे, नवऱ्याचं नाव कधी तोंडानं उच्चारलेलं नव्हतं.

एक दिवस राजधानीहून कारभारी आला. मागे रिकाम्या गाड्या आणि शिपाई. राजाला महालाच्या घुमटावर तांब्याचा पत्रा चढवायचा होता.

"शेटाणीबाई, भांडी देऊन टाका," कारभारी गोड आवाजात म्हणाला. "घुमटाखाली तुमच्या यजमानांच्या नावाचा दगड बसवू. पिढ्यान्‌पिढ्या लोक वाचतील. बोला, काय नाव कोरायचं?"

हेच तर काकूंना हवं होतं! पण त्या पदर खोचून म्हणाल्या, "अहो, जे नाव मी उभ्या संसारात घेतलं नाही, ते तुमच्या दगडासाठी घेऊ होय? भांडी नगराची आहेत. मिळायची नाहीत."

"राजाची आज्ञा आहे! नगराबाहेर काढीन!"

"काढा की. वेशीबाहेर राहीन. भांडी मागायला लोक तिथं येतील."

कारभाऱ्यानं भांडीघर उघडायला लावलं. आत साधी वाटीसुद्धा नव्हती. लग्नसराई होती ना! सगळी भांडी साळ्याच्या मांडवात गेली होती. मग वरात तिकडे निघाली, कारभारी पुढे, काकू मागे. मोठा हंडा चुलाणावर होता, आत भात रटरटत होता.

"उतरवा तो!" कारभारी गरजला.

पुढचा शिपाई वाकला आणि थबकला. हंड्याच्या पोटाला एक पोचा होता.

"सरकार, हा पोचा माझ्या लग्नातला आहे," तो हळूच म्हणाला. "आमच्या मामानं उतरवताना आपटला होता. मी ह्याच नगरचा जावई. माझ्या हातून हा उचलला जायचा नाही."

हे ऐकून नवरीची आत्या पुढे आली. "अगं बाई! मग जावईबापू, उभे का? पान वाढलंय, बसा!"

शिपायानं भाला मांडवाच्या खांबाला टेकवला आणि तो पंगतीत बसला. बाकीचे सकाळपासून उपाशीच होते. एकेक करत तेही बसले. एकटा कारभारी रिकाम्या गाड्या घेऊन परत गेला. काकूंना नगराबाहेर काढायला त्याच्याजवळ माणूसच उरला नाही. राजाचा घुमट तसाच राहिला, आणि पुढे गळायला लागला.

काकूंनी कारभाऱ्याला दिलेलं उत्तर घरोघर पोचलं. लोक म्हणाले, "काकू नाव घेत नाहीत ना, मग आपण घेऊ." त्या दिवसापासून मोठ्या हंड्याचं नावच 'नरहरशेट' पडलं. हंडा मागायला आलेला माणूस दारातून विचारायचा,

"काय हो काकू, नरहरशेट आहेत का घरी?"

"नाहीत," भांडीघरातून काकू सांगायच्या, तोंडाला पदर लावून, हसत. "कुंभाराकडे गेलेत, बारशाला."

बोध एवढाच: गावासाठी ठेवलेलं गावातच राहू द्यावं, आणि ते न्यायला राजा आला तरी त्याला नाही म्हणावं.