भानुदास मास्तरांची चिठ्ठी

एका गावाच्या शाळेत एक भोळे मास्तर होते. नाव भानुदास. भोळे म्हणजे इतके भोळे, की ‘फळा पुसा’ म्हटले तर आधी विचारीत, ‘पुढून की मागून?’ मास्तर स्वभावाने गरीब होते. अक्षर वळणदार होते. एकदा सांगितलेली गोष्ट ते जन्मात विसरत नसत. सगळा घोटाळा या न विसरण्यातच होता.

गावात दोन पॅनेले होती. एकाचे चिन्ह नांगर, दुसऱ्याचे घागर. नांगराचे पुढारी दौलतआबा, घागरीचे खंडूअण्णा. ग्रामपंचायतीची निवडणूक केव्हाच होऊन गेली होती, भांडण मात्र गेले नव्हते. शाळेत आमच्या मुलांचा अपमान झाला, तर आम्ही आमची वेगळी शाळा काढू, असे दोघेही उठता-बसता बजावीत. मुख्याध्यापिका द्वारकाबाईंना याचीच धास्ती होती. मुले वाटली गेली की पट कमी होणार आणि पट कमी झाला की शाळेला कुलूप लागणार.

मास्तर रुजू झाले त्याच दिवशी पारावर कोणीतरी त्यांना विचारले, “मास्तर, तुम्ही नांगराचे की घागरीचे?”

मास्तरांनी विचार केला आणि सांगितले, “घागर बरी. पाणी गार राहते.”

संध्याकाळी नांगरवाल्यांचा मोर्चा शाळेवर आला.

द्वारकाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “मास्तर, शिक्षकाने आपली बाजू सांगत फिरू नये. कोणी विचारलेच, तर ‘दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे’ असे म्हणावे आणि आपल्या वाटेने चालू लागावे.”

“चुकलो, बाई. पुढच्या वेळी तसेच करीन,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाढे चालले होते. सात आठे किती, यावरून वाद झाला. नांगराच्या घरचा प्रल्हाद चोपन्न म्हणत होता, घागरीच्या घरची सुभद्रा छप्पन्न म्हणत होती. दोघेही हट्टाला पेटले. शेवटी दोघांनी मास्तरांकडे पाहिले. “गुरुजी, कोणाचे बरोबर?”

“दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे,” मास्तर म्हणाले. त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि ते आपल्या वाटेने चालू लागले. वाट घरापर्यंत होती, म्हणून घरापर्यंत गेले.

त्या दिवसापासून नांगराच्या आळीत सात आठे चोपन्न झाले आणि घागरीच्या आळीत छप्पन्न राहिले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “मास्तर, पाढ्याला बाजू नसते. चूक ती चूक. तिथे न डगमगता सांगावे, ‘हे चूक आहे. पुरावा दाखवा.’”

“चुकलो, बाई. पुढच्या वेळी तसेच करीन.”

दोनच दिवसांनी ठकूआजी साखर वाटायला शाळेत आल्या. नातवाचा ताप उतरला होता. चिमूट चिमूट साखर मुलांच्या हातांवर ठेवीत त्या म्हणाल्या, “देवीनं नवस ऐकला हो माझा.”

मास्तर ताठ उभे राहिले. “आजी, हे चूक आहे. पुरावा दाखवा.”

आजींचा हात जागीच थांबला. “पुरावा? पोरगं तुझ्या नाकासमोर बसलंय, ते काय माझ्या माहेरचं गाठोडं आहे?” एवढे बोलून त्यांनी मुलांच्या हातांवरची साखरसुद्धा परत गोळा केली आणि त्या तरातरा निघून गेल्या. आजी नांगराच्या. तेव्हा मास्तरांना घागरवाल्यांनीच पढवले, असे ठरले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “मास्तर, श्रद्धेचा पुरावा मागू नये. माणूस मनातले काही सांगू लागला, तर ‘तुम्हाला असे का वाटते?’ असे आदराने विचारावे आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. मध्ये तोडू नये.”

“चुकलो, बाई. पुढच्या वेळी तसेच करीन.”

पुढची वेळ लगेच आली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सरूबाई धापा टाकीत वर्गात शिरल्या. “मास्तर, आबांचा वळू खिचडीच्या खोलीत शिरलाय!”

मास्तरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. “सरूबाई, तुम्हाला असे का वाटते?”

“अहो, शिंगं दिसली मला.”

“बरे. आणखी?”

सरूबाईंनी शेपूट सांगितले. मग पातेले कसे पडले ते सांगितले. मग मास्तरांच्या डोक्याविषयी त्यांना काय वाटते, तेही सांगितले. मास्तरांनी मान डोलवीत सारे आदराने ऐकले. त्यांचे ऐकून झाले तेव्हा वळूचे जेवणही आटोपले होते. वळू नांगराचा, तांदूळ अण्णांनी दिलेले. गावात काठ्या निघायच्या तेवढ्या राहिल्या.

बाईंनी चष्मा काढला आणि या वेळी जरा जास्त वेळ पुसला. “मास्तर, गडबड उडाली की चर्चा करू नये. घंटा बडवावी आणि मुलांना ताबडतोब बाहेर काढावे.”

“चुकलो, बाई. पुढच्या वेळी तसेच करीन.”

त्या आठवड्यात वर्गात एक सुरेख वाद रंगला. चिंचेवर भूत आहे, असे प्रल्हादचे म्हणणे. भूत-बित काही नसते, असे सुभद्रेचे. दोघेही मुद्दे मांडीत होते आणि वर्ग तल्लीन होऊन ऐकत होता. आवाज थोडे चढले. मास्तरांनी धावत जाऊन घंटा बडवली. मुले दारांतून आणि खिडक्यांतून बाहेर पडली. गाव बादल्या घेऊन धावत आले. आग कुठे लागली, असे लोकांनी विचारले. मास्तरांनी सांगितले, की आग नाही, मुले विचार करू लागली होती.

बाईंनी चष्मा काढला. पुसायचे त्यांना सुचले नाही. “मास्तर, वाद म्हणजे आग नव्हे. दोन बाजू असतील तिथे फळ्याच्या मधोमध रेघ ओढावी. एकीकडे एक बाजू, दुसरीकडे दुसरी. प्रत्येकाचे म्हणणे मोठ्याने वाचावे, त्याचे नाव लिहावे आणि कारण विचारावे. शाळेत झाकपाक नको.”

“चुकलो, बाई. पुढच्या वेळी तसेच करीन.”

घंटेने मात्र गावाचा धीर सुटला. आबा म्हणाले, शाळा दोन करा. अण्णा म्हणाले, आजच करा. आबांची शाळा चावडीत भरणार होती, अण्णांची देवळात. पुढाऱ्यांच्या तोंडावर नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. हे ओळखून बाईंनी तोड काढली: प्रत्येक घराने ‘एक शाळा’ किंवा ‘दोन शाळा’ एवढेच लिहून एक चिठ्ठी डब्यात टाकावी. चिठ्ठीवर नाव नको. कोणी काय लिहिले, ते कोणालाही कळणार नाही. मग माणसे भिणार नाहीत आणि शाळा वाचेल, असा त्यांचा हिशेब होता.

दोन्ही पॅनेलांनी एक अट घातली. बाईंनी त्या दिवशी शाळेत पाऊल टाकायचे नाही. डबा भानुदास मास्तरांनी सांभाळायचा. कारण मास्तर दोन्हीकडच्यांच्या सारख्याच शिव्या खाऊन बसले होते.

मास्तरांनी डबा चोख सांभाळला. वर्गात आल्यावर त्यांनी पाहिले, की इथे तर दोन बाजू आहेत. त्यांनी फळ्याच्या मधोमध पट्टीने रेघ ओढली.

पहिला मान आबांचा. आबांनी घडी केलेली चिठ्ठी पुढे केली. मास्तरांनी ती उलगडली आणि खणखणीत आवाजात वाचली, “एक शाळा.” मग फळ्यावर लिहिले: दौलतआबा. खिडक्या उघड्या होत्या आणि अख्खे गाव पटांगणात उभे होते.

“आबा, तुम्हाला असे का वाटते?”

“हळू बोला, मास्तर,” आबा कुजबुजले.

“कारण मोठ्याने सांगा, आबा. मागच्यांना ऐकू येत नाही.”

आबांनी घाम पुसला आणि कारण सांगितले. त्यांची नात अण्णांच्या नातीच्या डब्यातले खाल्ल्याशिवाय जेवत नव्हती. शाळा वेगळ्या होणार हे कळल्यापासून तिने घर डोक्यावर घेतले होते. बाहेर अण्णा पोट धरून हसले आणि हसत हसतच चिठ्ठी घेऊन आत आले. मास्तरांनी ती वाचली. “एक शाळा.” अण्णांचे हसू जागच्या जागी विरले. देवळात शाळा भरली तर दुपारची झोप कुठे घ्यायची, एवढेच त्यांचे कारण निघाले.

मग ठकूआजींची चिठ्ठी: दोन शाळा. “का म्हणून काय विचारतोस? दुसऱ्या शाळेत तू नसशील म्हणून.” मास्तरांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरांत कारण लिहिले: मास्तर नकोत. सरूबाईंचेही हेच कारण. त्यांच्या पाठोपाठ बादल्या घेऊन धावलेले पुष्कळजण आले. पाहता पाहता फळ्यावर नांगर आणि घागर यांची अशी भेळ झाली, की कोण कोणाच्या पॅनेलचा, हे पुढाऱ्यांनाही सांगता येईना. एका बाजूला शाळा हवी असलेले, दुसऱ्या बाजूला मास्तर नको असलेले.

शेवटी दोन्ही बाजूंची नावे मोजली, ती अगदी सारखी भरली. एकच घर उरले होते. मास्तरांचे.

गाव वर्गात दाटले. आबा आणि अण्णा कधी नव्हे ते खांद्याला खांदा लावून उभे राहिले. “मास्तर,” आबा म्हणाले, “आता शाळा तुमच्या हातात आहे. तुम्ही कोणत्या बाजूचे?”

मास्तरांनी खडू खाली ठेवला. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता.

“दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे,” ते म्हणाले. त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि ते आपल्या वाटेने चालू लागले.

गाव दिवेलागणीपर्यंत त्यांची वाट पाहत बसले. निकाल काही लागला नाही. म्हणून शाळा एकच राहिली, आणि मास्तरही तेच राहिले.

सकाळी द्वारकाबाईंनी फळा पाहिला. वाचता वाचता त्यांना हसू आवरेना. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, “मास्तर, काल शाळा वाचली. चांगले झाले.”

“चांगले झाले ना, बाई?” मास्तरांचा चेहरा उजळला. “मग आज परीक्षा आहे. मुलांच्या उत्तरपत्रिका तशाच तपासतो.”

आणि त्यांनी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली.