फीत जिन्यापाशी

तालुक्याच्या कॉलेजात 'समान संधी केंद्र' निघालं, तेही दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टचा पत्ता नाही! उद्घाटनाची फीत बांधायचं काम व्हीलचेअरवरच्या तेजल घोलपकडे आलं. तिनं क्षणभर वर पाहिलं आणि फीत जिन्याच्या पायथ्याशीच बांधून टाकली.

कात्री घेऊन तोऱ्यात आलेले संस्थाध्यक्ष रावसाहेब खेकसले, "अगं, केंद्राचं दार वर आहे ना?"

"तुमच्यासाठी वर आहे, साहेब," तेजल म्हणाली. "माझ्यासाठी ते इथंच बंद होतं. उघडायचंच असेल तर इथं उघडा."

पोरं खदखदून हसली. रावसाहेबांनी तळमजल्यावरच्या आपल्या ऐसपैस दालनाकडे पाहिलं, मग शिपायाला हाक मारली.

"मामा, माझी पाटी काढून वर लावा. जिना मला चढता येतो."

तेजलनं तोवर जिन्याची फीत सोडून खुर्ची त्या दालनाच्या दाराकडे वळवलीसुद्धा होती.