रखमाजी तिरकं बोलणं शिकतो

एका गावात रखमाजी नावाचा एक भोळा घोंगडीवाला होता. घोंगडी अशी घट्ट विणायचा की पाण्याचा थेंब आत शिरायचा नाही. डोकंही त्याच विणीचं. आत काही शिरायचं नाही.

एकदा त्याची बायको गोजरा कामाला वैतागून म्हणाली, "घाला आता सगळं घर माझ्याच डोक्यावर!" रखमाजीने तिच्या डोक्यावर आधी परात ठेवली, मग हंडा ठेवला. उखळ उचलायला वाकला, तेवढ्यात गोजरा तडक माहेरी निघाली. जाताना बजावून गेली, "तिरकं बोललेलं कळायला लागलं, की या न्यायला. तोवर उंबऱ्याला पाय लावू नका."

चार दिवस करपलेली भाकरी खाल्ल्यावर रखमाजी दामुअण्णा मास्तरांच्या शाळेत गेला. मास्तर मुलांना गोष्टीतला आणि नाटकातला उपरोध शिकवत होते. हा मागच्या बाकावर बसला. गुडघे कानाला लागले.

मास्तर म्हणाले, "पहिला प्रकार. माणूस बोलतो एक, मनात असतं उलट. पंगतीत पाहुणा 'नको नको' म्हणतो, तेव्हा त्याला हवंच असतं."

रखमाजीला पटलं. दुसऱ्याच दिवशी पाटलांकडे लग्नाची पंगत. हा बासुंदी वाढायला उभा! "आण रे इकडे" म्हणणाऱ्यांना त्याने थेंब दिला नाही. नवऱ्या मुलाच्या आजोबांचं पोट बिघडलेलं. ते दोन्ही हात पानावर धरून ओरडत होते, "नको रे बाबा, नको!" जितके नको, तितक्या पळ्या. बासुंदी कोपरापर्यंत आली.

"बघा, किती आवडली!" रखमाजी म्हणाला. "मास्तरांनी शिकवलंय!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, नुसता शब्द काय धरून बसतोस? प्रसंग बघ! दुसरा प्रकार प्रसंगाचाच आहे. जिथे जे होऊ नये, नेमकं तिथेच ते होतं. गोष्टीत चोरी कुणाकडे होते? पहारेकऱ्याकडे!"

रखमाजी हादरला. गावचा पहारेकरी येसू रात्रभर जागायचा आणि दिवसा घोरायचा. हा भरदुपारी त्याच्या घरात शिरला. भांडी नेली, कपडे नेले, कोंबड्यासुद्धा नेल्या. शेवटी येसूच्या अंगाखालची वाकळ ओढली. येसू खडबडून उठला. बघतो तर घर रिकामं.

"चोर! चोर!"

"घाबरू नकोस, येसूदादा. चोर यायच्या आत मीच सगळं उचलून नेलंय. मास्तरांनी शिकवलंय!"

अख्ख्या गावाने रखमाजीला चोपला. मास्तरांनाही चार शब्द ऐकावे लागले.

"आता शेवटचा प्रकार, आणि मग माझी सुटका," मास्तर म्हणाले. "नाटकात राजा सिंहासनावर बसायला जातो. सिंहासनाचा पाय मोडलाय हे आपल्याला ठाऊक, त्याला नाही. गंमत त्यातच आहे. आपण ओरडून सांगायचं नाही. गप्प बसून हसायचं. समजलं?"

समजलं! रखमाजी धावत सासुरवाडीला गेला.

गोजरा दारातच उभी. "आलात? गावात फार मोठं नाव काढलंत म्हणे!"

रखमाजीने डोकं खाजवलं, बोटं मोजली. पहिला प्रकार! "म्हणजे मी गावात अब्रू घालवली, असं म्हणतेस ना?"

"अगं बाई!" गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, बाबा, कळलं हो यांना!"

घरात नुसती धांदल उडाली. सासऱ्याने छपराची बैलगाडी जुंपायला सांगितली. धुळबा गाडीवान पुढे बसला, रखमाजी आत बसला. गोजराला आईने कुंकू लावायला आत बोलावलं.

धुळबाने मागे न बघताच विचारलं, "बसलात का दाजी?"

"बसलो."

गाडी निघाली. मागून गोजरा गाठोडं घेऊन धावत सुटली. "अहो, थांबा! अहो!" घुंगरांच्या आवाजात धुळबाला काही ऐकू गेलं नाही. रखमाजी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून खुसुखुसु हसत राहिला. एक ओढा गेला, दोन गावं गेली. डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण पठ्ठ्याने तोंड उघडलं नाही.

वेशीवर मास्तर भेटले. त्यांनी गाडीत डोकावून बघितलं. "गोजरा कुठाय?"

"मागेच राहिली की! मला ठाऊक, धुळबाला नाही. काय हसलो, मास्तर!"

मास्तर हात जोडून म्हणाले, "धन्य आहेस, रखमाजी. तुझ्याएवढा हुशार शिष्य मला उभ्या जन्मात मिळाला नाही."

रखमाजी लाजला. वाकून पाया पडला.

"सगळी तुमचीच कृपा, मास्तर!"