लाल झालं की तेलात

साळूबाई जोगेश्वरीला नवस बोलली होती. "माझा गेनू हाताशी येईपर्यंत मी त्याच्यावर रागावणार नाही, माते." तेव्हा गेनू पाळण्यात होता. आता त्याला मिशा फुटल्या, तरी नवस काही फिटेना. कारण निंबखेडे गावात एक भोळा राहत होता, असं जे लोक सांगतात, तो भोळा म्हणजे हाच.

त्याच गावात हणमंता लोहार छकड्यांचे पाटे करी. पोलादाचे, कमानीसारखे. चाक खड्ड्यात गेलं की पाटा दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. वर बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. हणमंताला एकच मुलगी, गजरा. तिला गेनू आवडायचा. का, ते तिलाच ठाऊक.

"वहिनी," हणमंता साळूबाईला म्हणाला, "पुनवेपर्यंत यानं एक पाटा नीट करून दाखवावा. जमलं तर पोरगी दिली. नाही जमलं तर पुन्हा विषय काढू नका."

साळूबाईनं देवीपुढं साखर ठेवली आणि गेनूला भट्टीवर धाडलं.

"नीट ऐक," हणमंता म्हणाला. "लाल झालं की उचलायचं आणि तेलात बुडवायचं. पाण्यात नाही, तडा जातो. काय?"

"लाल झालं की तेलात, मामा."

गेनू घरी आला. दोरीवर आईचं लुगडं वाळत होतं. लालभडक. साळूबाई देवळातून येऊन बघते, तर लुगडं तेलाच्या बुधल्यात.

"हे काय रे बाळा?"

"लाल झालं होतं, आई."

साळूबाई ओरडणार, तोच तिला नवस आठवला. "मामांना विचार बरं, तेलात घातल्यावर पुढं काय करायचं."

गेनूनं विचारलं. हणमंता खूश झाला. पोरगं स्वतःहून विचारतंय!

"तेलातनं निघालेला माल कडक असतो, पण ठिसूळ. पडला तर तुकडे. म्हणून तो पुसायचा आणि पुन्हा शेकायचा. हळू. निळी झाक आली की लगेच बाजूला काढायचा आणि आपोआप निवू द्यायचा."

गेनूनं घरी येऊन लुगडं पुसलं. चुलीवर धरलं.

"आई, मी निळं व्हायची वाट बघत होतो गं. ते एकदम काळंच झालं."

"असू दे," साळूबाई म्हणाली. "जुनंच होतं." ते नवं होतं.

मग हणमंतानं शेवटचं शिकवलं. "निवला की वाकवायचा आणि सोडायचा. ताडकन सरळ झाला तर खरा. मोडला तर खोटा."

पुनवेची सकाळ उजाडली. मार्गशीर्षातली थंडी. गेनूनं भट्टी पेटवली. पोलाद मात्र कोपऱ्यातच होतं. ते भट्टीत घालायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. भिंतीशी हणमंताची शिसवी काठी उभी होती. गेनूनं ती वाकवली.

तेवढ्यात हणमंता, गजरा आणि साळूबाई आत आली.

"माझ्या बापाची काठी!"

"खोटी होती, मामा. बरं झालं, गिऱ्हाइकाला दिली नाही."

हणमंताचं तोंड लाल झालं. मग कान. मग मान. सकाळपासून गेनू ज्याची वाट बघत होता, ते अखेर लाल झालं. त्यानं मामाला कमरेत धरून उचललं आणि तेलाच्या पिंपात बसवलं.

"अरे गाढवा!"

"पाण्यात नाही घातलं, मामा. तडा जातो."

त्यानं हणमंताला बाहेर काढलं. नीट पुसलं. भट्टीजवळ धरलं. थंडगार तेलानं हणमंताचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. आता कुठं जरा ऊब लागणार, तेवढ्यात गेनू ओरडला, "निळी झाक आली!" आणि त्यानं मामाला लगेच आगीपासून लांब नेऊन निवत ठेवलं.

"गेनू, पुरे रे," साळूबाई काकुळतीनं म्हणाली.

"एवढं एकच राहिलं, आई."

त्यानं हणमंताला वाकवलं, डोकं पार गुडघ्याला टेकवलं आणि सोडलं. हणमंता ताडकन उभा राहिला, मूठ उगारून.

"खरा!" गेनू नाचायला लागला. "मामा खरे निघाले!"

गजरा खांबाला धरून हसत होती. हणमंताची मूठ तशीच वर राहिली. तो दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजायला लागला. "तेल... पुसणं... शेकणं... निवणं..." त्याच्या मिशीवरून तेल ठिबकत होतं.

"वहिनी, इतकी पोरं माझ्या हाताखालून गेली. कुणी पुसायचं विसरलं, कुणी घाईनं शेकलं. यानं एक पायरी चुकवली नाही. फक्त पोलादाच्या जागी मला घातलं. पोरगी दिली! पण पोलाद कोणतं आणि मी कोणता, हे दाखवायला ती रोज भट्टीशी बसेल."

"बसते की," गजरा म्हणाली.

आनंदानं साळूबाईचे गाल, कान, नाकाचा शेंडा, सगळं लाल झालं.

गेनूनं ते बघितलं. पिंप ओढून तिच्यापुढं आणलं आणि अगदी मायेनं म्हणाला, "ये आई. आत्ता मामा बसले होते ना, तशीच तूही बस."