निःसंगमाईंची वेणी

"मग माई, तुम्ही आईला सोडलंत कसं?"

प्रश्न टाकून कल्याणी ताठ बसून राहिली. पाठीवरची भलीमोठी सॅक तिनं खाली ठेवली नव्हती. उत्तर मिळालं की उठायचं आणि चालू लागायचं, असा एकूण बेत.

निःसंगमाई मठाच्या ओसरीवरच्या आसनावर पाय पसरून शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफल सुपात टाकलं.

"सोडलं म्हणून कुणी सांगितलं?"

"सगळे सांगतात. माईंनी घर सोडलं, नाव सोडलं, केस सोडले. पार निःसंग झाल्या."

"असं सांगतात होय..." माईंनी दुसरी शेंग उचलली. "आणखी काय काय सांगतात?"

आता ही कल्याणी कोण, ते सांगितलं पाहिजे. मठ ज्या पठारावर, त्याच पठारावर पवनचक्क्यांची रांग. त्या चक्क्यांच्या पोटातून शिडीनं वर चढायचं, पार माथ्यावरच्या यंत्रापर्यंत जायचं आणि बिघडलेलं दुरुस्त करून खाली यायचं, हे कल्याणी निकमचं काम. वय तिशीच्या पुढं. पगार स्वतःचा, मोटरसायकल स्वतःची आणि तोरा, तोही स्वतःचाच. सुट्टीच्या दिवशी ती मठात यायची आणि माईंना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारायची. माईंना ते फार आवडायचं. बाकीचे सगळे नुसत्या पाया पडून जात.

आज मात्र तिला प्रश्नाचं उत्तर खरोखरच हवं होतं.

"कंपनीनं मला कच्छला नेमलंय. तिथल्या सगळ्या चक्क्या माझ्या ताब्यात. मोटरसायकल कंपनीत ठेवली. संध्याकाळी तालुक्याहून बस आहे. तुम्ही डोक्यावर हात ठेवा, की निघाले."

"वा! आई काय म्हणाली?"

"आईला सांगितलं नाही. आणि सांगणारही नाही."

माईंची शेंग फोडायची राहिली. "आई कुठं असते?"

"इथंच. घाट उतरला की पहिल्या वळणावर आमचं घर."

"म्हणजे दारावरनं जाणार, आणि..."

"दारावरनंच जाणार. थांबणार नाही." कल्याणीचा आवाज चढला. "माई, तुम्हाला कल्पना नाही. मी वर यंत्रात डोकं घालून बसलेली असते, पंचवीस मजले उंचावर, कमरेला दोर बांधून. आणि फोन वाजतो. काय, तर ओढणी नीट घेतलीस का? मी सांगते, आई, इथं कावळासुद्धा येत नाही. तर म्हणते, येत नसला म्हणून काय झालं!"

माईंचे खांदे हलायला लागले.

"बांगड्या घाल म्हणते. विजेच्या यंत्रात! शिट्टी वाजवू नको. पुरुषासारखी मांडी फाकवून गाडीवर बसू नको. मी विचारलं, मग मोटरसायकलवर कसं बसायचं? तर म्हणते, एका बाजूनं."

"एका बाजूनं? आणि गाडी कोण चालवणार?"

"तेच की!"

आता मात्र माईंना आवरेना. त्या खो खो हसत सुटल्या. सुपातली टरफलं उडाली.

"हौशेऽऽ!" आतल्या स्वयंपाकघरातून आवाज आला. "किती मोठ्यानं ते हसणं! बाईच्या जातीनं असं दात दावू न्हायीत!"

माईंनी झटकन तोंडावर हात धरला. "हो गं आई."

कल्याणीनं आजूबाजूला पाहिलं. ओसरीवर ती आणि माई, तिसरं कुणीच नव्हतं.

"हौशी... कोण?"

"मी," माई हळूच म्हणाल्या.

कल्याणीचं तोंड उघडंच राहिलं. स्वयंपाकघरात एक म्हातारी असते, एवढं तिला माहीत होतं. मठातलीच कुणीतरी असेल, भाकरी थापते, असं ती धरून चालली होती. माईंची आई! म्हणजे माई सत्तरीच्या, आणि ही म्हातारी...

"मी घर सोडून इथं आले," माई सांगू लागल्या, "त्याला आठवडाही झाला नसेल. दारात ही उभी. डोक्यावर ट्रंक. म्हणाली, तुला संन्यास घ्यायचाय तर घे बाई, मी आड येत नाही. पण तुला स्वयंपाक कुठं येतो?"

"मग?"

"मग काय. येत नव्हताच."

"हौशे, पाय पोटाशी घे!" पुन्हा आतून. "परकं माणूस आलंय न्हवं? डोईवर पदर कुठाय?"

"घेतला, घेतला." माईंनी पाय ओढून घेतले आणि आपल्या गुळगुळीत तासलेल्या डोक्यावर भगवा पदर ओढला.

कल्याणी बघतच राहिली. जिल्ह्याचे मोठमोठे साहेब जिच्यापुढं बूट काढून उभे राहतात, ती ही बाई! भांड्यांचा आवाज सुरू झाला, म्हातारी कामाला लागली असं दिसलं, तसे माईंनी हळूच पाय पुन्हा पसरले. पदरही आपला आपण घसरला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"म्हणजे तुम्ही ऐकत नाहीच!"

"छे. कुठलं ऐकतेय."

"आणि तोंडावर हो म्हणता. हा खोटेपणा नाही का, माई?"

"मी हो म्हणते ते तिला." माईंनी शेंग फोडली. "ती सांगते त्याला नव्हे."

कल्याणीनं मान झटकली. असल्या गोड बोलण्याला भुलायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती.

"मला नाही जमायचं ते. आणि आता त्याचा उपयोगही नाही."

तिनं डोक्यावरची टोपी काढली.

कमरेपर्यंत रुळणारी तिची वेणी माईंनी कितीदा तरी पाहिली होती. आता तिथं मुलासारखे बारीक कापलेले केस होते.

"हेल्मेट बसत नव्हतं. परवा वर यंत्रात वेणी अडकली. थोडक्यात वाचले. खाली उतरले, तडक तालुक्याला गेले आणि कापून आले." ती भरभर बोलत होती. "घरी गेले. आईनं दार उघडलं. बघितलं... आणि दार लावून घेतलं. आतून म्हणाली, केस वाढले की ये."

"मग?"

"मग तेव्हापासून कंपनीच्या खोलीवर झोपतेय. तिला मुलगी नको, वेणी पाहिजे. ठीक आहे! वेणी न्हाव्याकडं आहे म्हणावं, जा, घेऊन ये."

हे ती मोठ्या झोकात म्हणाली खरी, पण शेवटी आवाज फुटला. तिला स्वतःचाच राग आला.

माईंनी सूप बाजूला सारलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात म्हातारी उभी राहिली. वाकलेली, चिपाडासारखी वाळलेली, पण नजर लख्ख. हातात पितळेची वाटी.

"हौशे, खाली बस. आज तेलाचा वार."

आणि निःसंगमाई आसनावरून उठून खाली जमिनीवर बसल्या. म्हातारी मागं पाटावर टेकली. तिनं बोटं तेलात बुडवली आणि त्या तुळतुळीत डोक्यावर थापायला सुरुवात केली.

"कसं कोरडं ठणठणीत झालंय बघा. जरा म्हणून काळजी न्हाई स्वतःची. उन्हातानात हिंडतीस बोडक्यानं. किती येळा सांगायचं?"

"हो गं आई."

"हो गं आई, हो गं आई! मान सरळ धर."

कल्याणीला हसू फुटलं. डोक्यावर औषधालाही केस नाही, आणि तेल असं जिरवतायत!

तेल लावून झालं. पण म्हातारीचे हात थांबले नाहीत. ते मानेवरून खाली पाठीवर आले. बोटांनी कसला तरी भांग पाडला, कशाचे तरी तीन पेड केले. एक पेड वरून, एक खालून, मधूनच घट्ट ओढून... हवेत वेणी घालत घालत हात कमरेपर्यंत उतरले. शेवटी म्हातारीनं गाठ मारली आणि पाठीवर हलकेच थाप दिली.

"हां. आता कशी लेकीसारखी दिसतीस!"

माई डोळे मिटून बसल्या होत्या. गाठ मारताना त्यांची मान किंचित मागं ओढली गेली होती.

कल्याणीचं हसू कुठल्या कुठं गेलं.

म्हातारीनं आता तिच्याकडं मोहरा वळवला. आधी केसांकडं पाहिलं, मग सॅककडं, मग पुन्हा केसांकडं.

"ही न सांगता निघालीया घरातनं."

कल्याणी दचकली. "तुम्हाला कसं कळलं, आजी?"

"एवढं मोठं बोचकं, आणि लाडवाचा वास न्हाई. आईला सांगून निघालेली पोर अशी जाती व्हय? आई डबा दिल्याबगर उंबरा वलांडू देती का?"

कल्याणीनं सॅकचा पट्टा चाचपला. सॅकमध्ये दोरखंड होते, नट आवळायचे पाने होते, बूट होते. कॉलेजात असताना आई चिवड्याचा आणि लोणच्याचा डबा जबरदस्तीनं कोंबायची आणि लोणच्याचं तेल सगळ्या कपड्यांना लागायचं. किती भांडली होती ती त्यावरून.

तिनं उगीच थट्टेवारी नेल्यासारखं डोकं पुढं केलं. "आजी, मलापण लावा की थोडं तेल."

म्हातारीनं हातानं वाटी झाकली.

"मी? का? तुझी आई जिती हाय न्हवं?"

"...आहे."

"मग तिच्या लेकीला मी कशापायी लावू?"

एवढं बोलून ती गुडघ्यावर हात टेकून उठली. वाटी ओसरीच्या कडेला ठेवून दिली. आत जाता जाता पुन्हा एकदा बजावलं, "हौशे, तिन्हीसांजंला आडवी व्हऊ नगंस."

"हो गं आई."

पठारावर वारं सुटलं होतं. लांबवर चक्क्यांची पाती सावकाश फिरत होती. कल्याणी त्यांच्याकडं पाहत राहिली. शेंगांकडं आता कुणाचंच लक्ष नव्हतं.

खालच्या रस्त्यावर हॉर्न वाजला. माणसं भरभरून तालुक्याला नेणारी वडापची जीप. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून हाक मारली, "येताय का मॅडम? शेवटची खेप हाय!"

"आले!" कल्याणी उठली. दोन पावलं गेली आणि थांबली.

"माई, पहिल्या वळणावर उतरले, तर आजची बस चुकेल."

"उद्या नसते?"

"असते." ती टोपी हातात नुसतीच फिरवत राहिली. "पण कच्छला मी जाणार. ते नक्की."

"जा की. नको कोण म्हणतंय?"

"आई म्हणेल, जाऊ नको."

"हो म्हण."

"आणि?"

"आणि जा."

कल्याणी हसली. डोळे भरून आले होते, ते तिनं बाहीनं पुसले. माईंनी ओसरीच्या कडेची तेलाची वाटी उचलली, वर केळीचं पान बांधलं आणि तिच्या हातात दिली.

"हे घेऊन तिच्यापुढं पाठ करून बस. काही बोलू नको."

जीपचा हॉर्न पुन्हा वाजला. कल्याणीनं वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"आणि माई... तिनं विचारलं, तेल लावू कशाला, केस कुठायत, तर?"

निःसंगमाईंचं डोकं उन्हात तेलानं चकाकत होतं. त्यांनी खांद्यावरून पुढं आलेली, नसलेली वेणी हातानं मागं टाकली.

"नाही विचारणार. तिला दिसतात."